प्रयोगशाळेचे दार आणि पाठीराखे : स्त्री-वैज्ञानिकांच्या जडणघडणीतील मार्गदर्शकांच्या भूमिकेचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

मुलींनी विज्ञान-तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात यावे यासाठी गेल्या दोन-अडीच दशकांत शासकीय व खासगी पातळीवर अनेक योजना सुरू झाल्या. बहुतेक योजनांच्या मुळाशी एक गृहीतक आढळते. मुलींना विज्ञानाची गोडी लागली, त्यांच्यासमोर एखादा आदर्श उभा राहिला आणि योग्य वयात प्रोत्साहनाचे चार शब्द त्यांच्या कानी पडले, की पुढील वाटचाल आपोआप होईल, असे ते गृहीतक होय. आकडेवारी मात्र त्याला पुरता दुजोरा देत नाही. २०२०-२१ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार पदवीपासून पीएच.डी.पर्यंतच्या स्तरांवर मिळून विज्ञान शाखेत सुमारे ५७ लाख विद्यार्थी होते आणि त्यांत विद्यार्थिनींची संख्या (२९.५ लाख) विद्यार्थ्यांपेक्षा अधिक होती. याउलट, देशातील संशोधन व विकास कार्यात प्रत्यक्ष गुंतलेल्या मनुष्यबळात स्त्रियांचा वाटा २०१८ मध्ये १६.६ टक्के इतकाच होता. दोन्ही आकड्यांचा पाया भिन्न असल्याने ही तुलना ढोबळ आहे, हे मान्य करावयास हवे. तथापि तिच्यातून निघणारा प्रश्न ढोबळ नाही. वर्गापर्यंत पोहोचलेली मुलगी प्रयोगशाळेपर्यंत का पोहोचत नाही, आणि पोहोचलीच तर तेथे का टिकत नाही?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी इतिहासाकडे वळणे उपयुक्त ठरते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्या मोजक्या भारतीय स्त्रिया संशोधन क्षेत्रात आल्या, त्यांच्यामागे कोणी ना कोणी उभे होते. कोण उभे होते, त्यांनी नेमके काय केले आणि त्यांच्या सद्भावनेची मर्यादा कोठे पडली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. कमला सोहोनी व कर्करोग-संशोधक डॉ. कमल रणदिवे या दोन मराठी स्त्री-वैज्ञानिकांची चरित्रे मुख्यतः घेतली आहेत. पुण्याच्या वेधशाळेत कार्य केलेल्या अ‍ॅना मणी यांचे उदाहरण तुलनेसाठी योजिले आहे.

पूर्वपीठिका

महाराष्ट्रात स्त्रियांच्या विज्ञानशिक्षणाचा पहिला मार्ग वैद्यकातून गेला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी मिळविली. त्यांच्या शिक्षणामागील गोपाळरावांचा आग्रह व त्या आग्रहातील कठोरता या दोहोंची चर्चा मराठीत पुष्कळ झाली आहे. येथे तिची पुनरुक्ती करण्याचे प्रयोजन नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलके उदाहरण डॉ. रखमाबाईंचे आहे. त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ होते. १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांत जे दोन भारतीय होते, त्यांपैकी ते एक. मुलीच्या मनात ज्ञानाची ओढ निर्माण होण्यास असे घर पुरेसे होते. परंतु इंग्लंडला जाऊन वैद्यक शिकण्यासाठी लागणारे आर्थिक पाठबळ, परिचय व वाटाड्या घरातून मिळणे शक्य नव्हते. ते काम मुंबईतील कामा रुग्णालयाशी निगडित असलेल्या डॉ. एडिथ पीची यांनी केले. पीचीबाई स्वतः एडिंबरा विद्यापीठात वैद्यक शिकण्यासाठी झगडलेल्या सात स्त्रियांपैकी एक. १८७० मध्ये रसायनशास्त्राच्या परीक्षेत गुणांनी मिळविलेली शिष्यवृत्ती केवळ स्त्री म्हणून त्यांना नाकारण्यात आली होती. जिला दार बंद होते, तिनेच पुढे दुसरीसाठी दार ढकलून धरले. रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला गेल्या व १८९४ मध्ये वैद्यकीय अर्हता प्राप्त करून परतल्या.

घराने गोडी लावावी आणि व्यवसायातील कोणी तरी वाट दाखवावी, ही दुहेरी रचना पुढील पन्नास वर्षांतही कायम राहिलेली दिसते.

भागवतांचे घर

कमला भागवत यांचा जन्म १९११ मध्ये इंदूर येथे झाला. त्यांचे वडील नारायणराव व काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते आणि बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेतून, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेतून, आरंभीच्या काळात शिकून बाहेर पडलेल्यांत त्यांचा समावेश होतो. दुर्गाबाई भागवत या कमलाबाईंच्या थोरल्या भगिनी. दुर्गाबाईंचे नाव मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. त्यांच्या धाकट्या बहिणीचे मात्र अद्यापही सांगावे लागते. साहित्याला असलेली समाजस्मृती विज्ञानाला आपण दिली नाही, हाच याचा अर्थ होय.

अशा घरात मुलीने रसायनशास्त्र घेणे ही बंडखोरी नव्हती, वारसा होता. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी रसायनशास्त्र हा मुख्य व पदार्थविज्ञान हा दुय्यम विषय घेऊन त्यांनी उत्कृष्ट रीतीने संपादन केली. पुढील संशोधनासाठी वडील व काका यांच्याच संस्थेत जाणे हे त्यांना स्वाभाविक वाटले. स्त्री-वैज्ञानिकांच्या चरित्रांत वडिलांचा उल्लेख कृतज्ञतेने केला जातो आणि तो उचितच आहे. परंतु वडिलांच्या प्रोत्साहनाची हद्द घराच्या उंबरठ्यापर्यंत असते. संस्थेच्या दाराशी त्याचे चलन चालत नाही. कमलाबाईंना हे बंगळूरला समजले.

बंगळूर, १९३३

त्याच वर्षी सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी भारतीय विज्ञान संस्थेच्या संचालकपदाची सूत्रे हाती घेतली होती. त्या पदावर आलेले ते पहिले भारतीय. नोबेल पारितोषिक मिळून तीन वर्षे झाली होती व देशातील तरुणांच्या दृष्टीने त्यांचे नाव म्हणजे भारतीय विज्ञानाचाच पर्याय होता. कमला भागवत यांचा अर्ज त्यांनी नाकारला. नाकारण्याचे कारण गुणांचे नव्हते. अर्जदार स्त्री होती, एवढेच होते.

वडिलांच्या व काकांच्या विनंतीचाही उपयोग झाला नाही. तेव्हा कमलाबाई स्वतः बंगळूरला गेल्या आणि प्रवेश नाकारण्याचे कारण त्यांनी संचालकांनाच विचारले. गांधीयुगातील या तरुणीने सत्याग्रहाचा मार्ग अवलंबिला, असे त्यांच्या चरित्रविषयक लेखनात नमूद आहे. अखेर रामन यांनी प्रवेश दिला, पण अटींसह. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी समजले जाणार नव्हते. कामाच्या दर्जाबद्दल संचालकांचे समाधान होईपर्यंत त्या कामाला अधिकृत मान्यता मिळणार नव्हती. शिवाय त्यांच्या उपस्थितीमुळे पुरुष सहकाऱ्यांचे चित्त विचलित होता कामा नये, अशीही अट होती.

या अटींचा तपशील आपल्याला मुख्यतः कमलाबाईंच्या उत्तरायुष्यातील कथनांतून ज्ञात होतो. त्यामुळे शब्दशः काय घडले याविषयी सावधगिरी बाळगावी. परंतु अटींच्या स्वरूपाविषयी संशय घेण्याचे कारण नाही. त्यांतील दुसरी अट विशेष विचारार्ह आहे. नियमित विद्यार्थ्याचे काम मान्य धरून पुढे त्याची परीक्षा होते. येथे परीक्षा आधी व मान्यता नंतर, असा क्रम उलटविण्यात आला. एक वर्षाचे परिश्रम वाया जाण्याचा धोका संपूर्णपणे विद्यार्थिनीवर टाकण्यात आला. तिसऱ्या अटीने तर पुरुषांच्या मनःस्थितीची जबाबदारीही तिच्याच पदरात घातली. कमलाबाईंनी हे सारे मान्य केले. मान्य न करण्याचा पर्याय होता तो मुंबईची परतीची गाडी धरण्याचा.

येथे श्री. एम. श्रीनिवासय्या यांचा उल्लेख करावयास हवा. लोकप्रिय लेखनात रामन व कमला भागवत यांच्यातील प्रसंग नाट्यमय असल्यामुळे पुनःपुन्हा सांगितला जातो आणि श्रीनिवासय्यांचे नाव एका वाक्यात संपते. वस्तुतः कमलाबाई संशोधक झाल्या त्या यांच्या हाताखाली. ते अत्यंत शिस्तप्रिय व कामाच्या बाबतीत कठोर होते आणि पात्र विद्यार्थ्याला आपल्याजवळचे सर्व काही देण्यास उत्सुक असत. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमलाबाईंनी दूध, कडधान्ये व शेंगावर्गीय धान्यांतील प्रथिनांवर काम केले. विषयाची ही निवडही लक्षणीय आहे. भारतीय माणसाच्या, विशेषतः गरिबाच्या आहारातील प्रथिनांचा मोठा भाग डाळी-कडधान्यांतून येतो. त्या प्रथिनांच्या अभ्यासाला शास्त्रीय मूल्य तर होतेच, सामाजिक मूल्यही होते. श्रीनिवासय्यांनी सवलत दिली नाही आणि अडवणूकही केली नाही. त्यांनी काम दिले. मार्गदर्शनाच्या इतिहासात हे साधे वाक्य फार मोलाचे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

वर्षभराने रामन यांचे समाधान झाले व कमलाबाईंना नियमित संशोधनाची परवानगी मिळाली. १९३६ मध्ये प्रबंधाद्वारे त्यांनी मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. पदवी विशेष प्रावीण्यासह मिळविली. त्यानंतर संस्थेत विद्यार्थिनींना प्रवेश मिळू लागला. तथापि कमलाबाईंच्या मनातील सल गेला नाही. पुढे अनेक वर्षांनी भारतीय स्त्री-वैज्ञानिक संघटनेने त्यांचा सत्कार केला, तेव्हा रामन थोर शास्त्रज्ञ असले तरी संकुचित दृष्टीचे होते आणि तो अपमान आपण विसरू शकलेलो नाही, असे त्यांनी स्पष्टपणे बोलून दाखविले. नोबेल पारितोषिक विजेत्याविषयी असे बोलण्यास सभागृहही तसेच लागते. ते सभागृह स्त्री-वैज्ञानिकांनीच उभारलेले होते, याकडे पुढे पुन्हा वळावयाचे आहे.

केंब्रिज : उघडी प्रयोगशाळा, अर्धे उघडे विद्यापीठ

बंगळूरनंतर कमलाबाई केंब्रिजला गेल्या. तेथील अनुभव अगदी वेगळा होता. डॉ. डेरेक रिक्टर यांनी आपल्या प्रयोगशाळेत त्यांना कामाला जागा दिली. रिक्टर अन्यत्र गेल्यावर डॉ. रॉबिन हिल यांच्याबरोबर त्यांनी वनस्पतींच्या ऊतींवर काम केले. बटाट्यावरील प्रयोगांतून त्यांना असे आढळले की, प्राण्यांच्या पेशींप्रमाणे वनस्पतींच्या पेशींतही श्वसनक्रियेत भाग घेणारे ‘सायटोक्रोम सी’ हे द्रव्य असते. या विषयावरील त्यांचा प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता, असे सांगितले जाते. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली.

त्यांच्या नावामागे ‘विज्ञानात पीएच.डी. मिळविणारी पहिली भारतीय स्त्री’ असे विशेषण लावण्याचा प्रघात आहे. ‘पहिली’ या शब्दाचा मोह चरित्रकारांना आवरत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. जानकी अम्मल यांना अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने १९३१ मध्येच डी.एस्सी. प्रदान केली होती, हे ध्यानात घेऊन ते विशेषण मर्यादित अर्थानेच वापरावे.

केंब्रिजमधील जीवरसायनशास्त्राचा विभाग त्या काळी सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांच्या नेतृत्वाखाली होता. जीवनसत्त्वांवरील कार्यासाठी १९२९ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले होते. हॉपकिन्स यांनी आपल्या विभागात स्त्रियांना मोठ्या संख्येने संधी दिली. मार्जरी स्टीफनसन, डोरोथी नीडहॅम अशी नावे तेथूनच पुढे आली. कमलाबाईंना मिळालेली सहजता ही या वातावरणाची देणगी होती. मात्र केंब्रिजचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरली जाते. विद्यापीठ म्हणून केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण सदस्यत्वासह पदवी देण्यास १९४८ मध्ये आरंभ केला. १९२१ पासून तोपर्यंत स्त्रियांना केवळ पदवीचे नाव लावता येई. त्या पदवीबरोबर पुरुषांना मिळणारे विद्यापीठाच्या कारभारातील अधिकार त्यांना नसत. कमलाबाईंची १९३९ ची पदवी याच नियमाच्या काळातील होती.

म्हणजे बंगळूरला संस्थाप्रमुख प्रतिकूल आणि मार्गदर्शक अनुकूल होता. केंब्रिजला विभागप्रमुख व मार्गदर्शक दोघेही अनुकूल होते, परंतु विद्यापीठाचा नियम प्रतिकूल होता. दोन्ही ठिकाणी स्त्रीचे भवितव्य एखाद्या भल्या माणसाच्या तेथे असण्यावर अवलंबून होते. कमलाबाईंना असे भले लोक सलग भेटत गेले, हा त्यांच्या कर्तृत्वाइतकाच योगायोगाचाही भाग होता. योगायोग अपुरा पडला तर काय होते, ते पुढील उदाहरणात दिसते.

नियमाची भिंत

अ‍ॅना मणी (१९१८-२००१) या त्रावणकोर संस्थानातील पीरमेड येथील. मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन १९४० मध्ये त्या बंगळूरला रामन यांच्याच प्रयोगशाळेत संशोधनासाठी आल्या. कमला भागवतांच्या प्रवेशानंतर सातच वर्षांनी रामन यांनी स्वतःच्या हाताखाली एका तरुणीला घेतले, हा बदल लहान नव्हे. माणिक व हिरा यांच्या प्रकाशीय गुणधर्मांवर अ‍ॅना मणी यांनी रात्रंदिवस काम केले, शोधनिबंध प्रसिद्ध केले आणि १९४५ मध्ये आपला प्रबंध मद्रास विद्यापीठास सादर केला. पदवी देण्याचा अधिकार तेव्हा बंगळूरच्या संस्थेस नव्हता. अ‍ॅना मणी यांच्याकडे एम.एस्सी. पदवी नाही, या कारणास्तव विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. नाकारली. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्याच सुमारास काम करणाऱ्या सुनंदा बाई यांनाही प्रबंध पूर्ण करूनदेखील पदवी मिळाली नाही आणि पुढे लवकरच त्यांच्या आयुष्याचा दुःखद अंत झाला.

या ठिकाणी मार्गदर्शक जगद्विख्यात होता, काम उत्तम होते, निबंध छापलेले होते. उणीव होती ती विद्यार्थिनीच्या बाजूने नियमाशी भांडणाऱ्याची. नियम पुरुषांनाही लागू होता, असा युक्तिवाद येथे करता येईल. पण ज्या विद्यार्थिनींना प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांशी मोकळेपणाने बोलण्याचीही मुभा नव्हती, ज्यांचे चर्चेचे वर्तुळच तोकडे होते, त्यांना नियमांतील पळवाटा कोण सांगणार? प्रयोगशाळेतील निम्मे ज्ञान चहाच्या कपाभोवती मिळते. शिष्यवृत्तीची मुदत, परीक्षकाचा स्वभाव, अर्जातील कोणता रकाना महत्त्वाचा, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसते.

अ‍ॅना मणी यांचे पुढे नुकसान झाले नाही, किंबहुना देशाचा लाभच झाला. सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला जाऊन त्यांनी हवामानशास्त्रीय उपकरणांचा अभ्यास केला. १९४८ मध्ये त्या पुण्यात भारतीय हवामान खात्यात रुजू झाल्या व १९५३ मध्ये १२१ पुरुष कर्मचाऱ्यांच्या विभागाच्या प्रमुख झाल्या. तोपर्यंत परदेशातून मागविली जाणारी उपकरणे देशात तयार व्हावीत म्हणून सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे त्यांनी प्रमाणित केले. १९७६ मध्ये उपमहासंचालकपदावरून त्या निवृत्त झाल्या, त्या डॉक्टरेटविनाच. त्यांच्या यशाचा दाखला देऊन पदवी न मिळण्याचे महत्त्व कमी लेखणे मात्र योग्य होणार नाही. असामान्य व्यक्ती भिंत ओलांडून जाते, एवढ्यावरून भिंत नव्हतीच असे सिद्ध होत नाही.

खानोलकरांची प्रयोगशाळा

डॉ. कमल रणदिवे यांचे चरित्र या पार्श्वभूमीवर पाहिले म्हणजे वेगळे भासते. कमल समर्थ यांचा जन्म १९१७ मध्ये पुण्यात झाला. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे जीवशास्त्राचे प्राध्यापक. फर्ग्युसन महाविद्यालयात ते अध्यापन करीत. मुलींनाही मुलांसारखेच शिक्षण मिळावे, हा त्यांचा आग्रह. शाळा हुजूरपागा. १८८४ मध्ये न्यायमूर्ती रानडे व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून ही शाळा निघाली, तेव्हा मुलींना मुलांच्या बरोबरीचा अभ्यासक्रम द्यावा की गृहकृत्योपयोगी शिक्षण द्यावे, यावरून लोकमान्य टिळकांच्या ‘मराठा’ पत्राने टीकेची झोड उठविली होती. हा वाद ऐतिहासिक म्हणून सोडून देता येत नाही. याच शाळेच्या विद्यार्थिनी व पुढे नामवंत कण-भौतिकशास्त्रज्ञ झालेल्या डॉ. रोहिणी गोडबोले (१९५२-२०२४) यांनी आपल्या आठवणींत सांगितले आहे की, त्यांच्या वेळी सातवीपर्यंत मुलींना विज्ञानाऐवजी गृहशास्त्र असे व शिष्यवृत्ती परीक्षेसाठी विज्ञान स्वतंत्रपणे शिकावे लागले. म्हणजे १८८४ चा प्रश्न १९६० च्या दशकातही वेळापत्रकात ठाण मांडून बसला होता.

मुलीने डॉक्टर व्हावे व डॉक्टरशीच विवाह करावा, अशी कमलच्या वडिलांची इच्छा होती. तिने दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. १९३९ मध्ये गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि विवाहानंतर, १९४३ मध्ये, पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्यांनी सीताफळाच्या कुलातील वनस्पतींच्या पेशी-आनुवंशिकीवर काम करून एम.एस्सी. केली. पतीने त्यांच्या पदव्युत्तर अभ्यासात मोठे साहाय्य केले, अशी नोंद आहे. स्त्री-वैज्ञानिकांच्या पाठीराख्यांच्या यादीत पतीचे नाव वडिलांच्या नावापेक्षा विरळा आढळते, म्हणून हा तपशील मुद्दाम नमूद केला.

मुंबईत आल्यावर त्यांचा संबंध डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५-१९७८) यांच्याशी आला. विकृतिशास्त्रज्ञ म्हणून ख्यातनाम असलेले खानोलकर तेव्हा टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते. पुढे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र त्यांच्याच पुढाकाराने उभे राहिले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली रणदिवे यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली. एवढ्यावर थांबले असते तर खानोलकरही श्रीनिवासय्यांप्रमाणे उत्तम गुरू ठरले असते. त्यांनी त्यापुढचे पाऊल टाकले. विद्यार्थिनीला परदेशी अभ्यासवृत्ती घेण्यास त्यांनी प्रवृत्त केले आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या ऊतिसंवर्धनाचे तंत्र शिकल्या. मानवी पेशी शरीराबाहेर सातत्याने वाढविण्यात प्रथम यश मिळविलेली ती हीच प्रयोगशाळा. परत आल्यावर त्यांना या तंत्राचा उपयोग करता यावा अशी जागा मुंबईत होती. भारतातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा त्यांनी तेथे उभारली. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या प्रमुख झाल्या.

अनेक मार्गदर्शक शिष्येला शिकवितात. फार थोडे तिला आपल्या जागेवर बसवितात. शिकविणे हे ज्ञानदान आहे. जागा देणे हे सत्तेचे वाटप आहे. कमला सोहोनींच्या वाटचालीत नेमका हा दुसरा भाग रखडला. दिल्लीच्या लेडी हार्डिंज महाविद्यालयात व नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत काम करून १९४७ मध्ये विवाहानंतर त्या मुंबईत आल्या व विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. डाळींप्रमाणेच नीरेच्या पोषणमूल्यावरील त्यांच्या व त्यांच्या विद्यार्थ्यांच्या संशोधनाला राष्ट्रपती पारितोषिक मिळाले. असे असूनही संस्थेचे संचालकपद त्यांना उशिरा लाभले. केंब्रिजची पदवी, नावावरील शोध व राष्ट्रपतींचे पारितोषिक एवढे असतानाही वरच्या खुर्चीसाठी त्यांच्या पाठीशी कोणी खानोलकर नव्हते.

व्यक्तीकडून संघटनेकडे

जून १९७३ मध्ये मुंबईत भारतीय स्त्री-वैज्ञानिक संघटना स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत डॉ. कमल रणदिवे अग्रणी होत्या. ज्यांना स्वतःला उत्तम मार्गदर्शक लाभला, त्यांनाच असे वाटावे की हे भाग्यावर सोडता कामा नये, ही बाब अर्थपूर्ण आहे.

या संघटनेने व्याख्याने, शिबिरे व विज्ञानप्रसार हे अपेक्षित कार्यक्रम केलेच. पण तिच्या कार्याचा आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग हा नव्हे. नवी मुंबईत वाशी येथे तिचे मुख्यालय उभे राहिले. तेथे नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह, मुलांसाठी पाळणाघर व बालवाडी, आरोग्य केंद्र आणि विज्ञान ग्रंथालय या सोयी करण्यात आल्या. वैज्ञानिकांच्या संघटनेने पाळणाघर चालवावे, हे वरवर पाहता विषयांतर भासेल. प्रत्यक्षात ती या क्षेत्राची अचूक चिकित्सा होती. पेशींचे संवर्धन रविवारची सुट्टी जाणत नाही. प्रयोग संध्याकाळी पाचला संपत नाही. परगावाहून आलेल्या तरुणीला राहावयास सुरक्षित जागा नसेल आणि विवाहितेला मूल ठेवावयास विश्वासाची जागा नसेल, तर मार्गदर्शक कितीही उदार असला तरी प्रयोग अर्धवट राहणार. वडील, पती, गुरू यांपैकी कोणीही एकट्याने जे पुरवू शकत नव्हते, ते संघटनेने पुरविले.

रणदिवे यांना १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी बालकांच्या पोषणस्थितीचा अभ्यास त्यांनी केला. सोहोनी यांनीही ग्राहक चळवळीत काम केले. १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटीच्या संस्थापक सदस्यांत त्या होत्या व अन्नभेसळीसारख्या विषयांवर त्यांनी सर्वसामान्यांसाठी लेखन केले. प्रयोगशाळेचे ज्ञान घराघरात नेण्याची ही वृत्ती दोघींत समान होती.

या इतिहासाच्या प्रकाशात अलीकडील योजनांकडे पाहिले असता काही गोष्टी स्पष्ट होतात. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ मध्ये सुरू केलेली स्त्री-वैज्ञानिक योजना संसारामुळे खंड पडलेल्या स्त्रियांना संशोधनात परत आणण्यासाठी होती. वाशीच्या पाळणाघरामागील विचारच येथे शासकीय रूपात आलेला दिसतो. २०१९ मधील ‘विज्ञान ज्योती’ हा उपक्रम नववी ते बारावीच्या मुलींसाठी असून त्यात समुपदेशन, प्रयोगशाळांना भेटी व आदर्श व्यक्तींशी संवाद यांवर भर आहे. तो स्तुत्य आहे. विशेषतः ज्या मुलींच्या घरी नारायणराव भागवत किंवा प्रा. समर्थ नाहीत, त्यांना घराने न दिलेले काही तरी त्यातून मिळते. ग्रामीण भागातील महाविद्यालयांत शिकणाऱ्या बहुसंख्य विद्यार्थिनी आपल्या घराण्यातील पहिल्याच पदवीधर असतात, हे आम्हा प्राध्यापकांना प्रवेश-अर्ज तपासतानाच कळते. परंतु गोडी लावणे हा टप्पा आरंभाचा आहे. कमला भागवत यांना गोडी कमी नव्हती. अ‍ॅना मणी यांचे परिश्रम कमी नव्हते. दोघींचीही वाट प्रवेशाच्या, मान्यतेच्या, पदवीच्या व पदाच्या टप्प्यावर अडली होती.

इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसने २००८ मध्ये डॉ. गोडबोले व प्रा. राम रामस्वामी यांनी संपादित केलेला ‘लीलावतीज डॉटर्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. भारतीय स्त्री-वैज्ञानिकांची शंभराच्या जवळपास चरित्रे त्यात एकत्र आली. अशा संकलनाची निकड किती होती, हे कमलाबाईंच्या अखेरच्या दिवसांतील एका घटनेवरून कळते. कुन्नूरची जी पोषण प्रयोगशाळा कमलाबाईंनी १९४७ मध्ये सोडली, ती ज्या संस्थेच्या छत्राखाली होती, तिचेच पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेत रूपांतर झाले. या परिषदेच्या पहिल्या महिला महासंचालक डॉ. जी. व्ही. सत्यवती यांना नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात असे समजले की, डॉ. कमला सोहोनी नावाच्या ज्येष्ठ संशोधिका मुंबईत हयात आहेत. त्यांनी कमलाबाईंना सन्मानासाठी नवी दिल्लीला पाचारण केले. ऐंशी वर्षांहून अधिक वयाच्या कमलाबाई तेथे गेल्या. समारंभ चालू असतानाच त्या कोसळल्या आणि त्यानंतर अल्पावधीतच त्यांचे निधन झाले.